जोडीदाराच्या खटकणाऱ्या सवयी: मुंबईतील लहान घरांसाठी क्रमवार मार्गदर्शन

लग्नाच्या पहिल्या वर्षी जिचे कौतुक वाटते अशी एखादी सवय सातव्या-आठव्या वर्षी डोक्यात जाऊ लागते, आणि मुंबईतील घर असे असते की तिच्यापासून दूर जाऊन बसायला दुसरी खोली नसते. हा लेख नुकताच संसार मांडलेल्या जोडप्यांसाठी आहे, तसाच बरीच वर्षे एकत्र राहून आता रोजच्या धुसफुशीला कंटाळलेल्यांसाठीही आहे. आमचा संसार चाळीतील एका खोलीत सुरू झाला आणि आता तो उपनगरातील वन-बीएचकेमध्ये आहे; त्यामुळे खालील बहुतेक पायऱ्या आम्ही दोन्ही प्रकारच्या घरांत करून पाहिलेल्या आहेत.

माझे म्हणणे आधीच सांगून ठेवते. माणूस बदलायला निघण्यापूर्वी घराची मांडणी बदलून पाहावी, कारण ज्याला आपण जोडीदाराचा बेफिकीरपणा म्हणतो त्यातील बराच भाग अपुऱ्या जागेचा, पाण्याच्या वेळेचा आणि लोकलच्या धावपळीचा असतो. त्यानंतर जे उरेल त्यातून दोन-तीनच गोष्टी निवडून स्पष्टपणे मागाव्यात.

लागणारे साहित्य

• एक साधी वही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिला जातो तेथे ही नोंद करू नये, कारण ते सारे घर वाचते आणि आलेले पाहुणेही वाचतात.
• भिंतीला लावायच्या खुंट्या, मळक्या कपड्यांची टोपली, जास्तीचा चार्जर, उशाशी लावायचा लहान दिवा आणि कानात घालायचे फोमचे बोळे.
• दोघांच्या रक्तदाब, साखर व थायरॉइडच्या तपासण्यांचे जुने अहवाल. ते कोठे लागतील, हे तिसऱ्या व अकराव्या पायरीत येईल.
• घराबाहेर घालवता येईल असा एक तास. या यादीत मिळवायला सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

१. ही सवय आहे की अत्याचार, हे प्रथम ठरवा

ओला टॉवेल गादीवर टाकणे ही सवय आहे. मारहाण, शिवीगाळ, पगार काढून घेणे, माहेरी किंवा मैत्रिणींकडे जाऊ न देणे, शरीरसंबंधाची जबरदस्ती आणि घराबाहेर काढण्याची धमकी यांना सवय म्हणू नये, मग घरातील वडीलधारे ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असे कितीही समजावोत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाची दखल घेतो, आणि लग्न न करता लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचे संरक्षण मिळते. अशा वेळी पुढील पायऱ्यांत वेळ घालवू नये. तातडीच्या प्रसंगी ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर संपर्क साधावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष अशाच कामासाठी आहे, आणि तेथे पोलिसांच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांशी बोलता येते. पुरुषाला मारहाण होत असेल तर या विशिष्ट कायद्याचा आधार त्याला मिळत नाही, तरी पोलिसांत तक्रार करण्याचा मार्ग त्याला मोकळा असतोच.

२. आठवडाभर केवळ नोंद करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि थेट बोलायला जातात. आठवडाभर कोणालाही काही न बोलता वहीत एवढेच लिहावे: काय खटकले, किती वाजता, घरात कोठे, आणि त्या वेळी आणखी काय चालू होते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘टॉवेल गादीवर, सकाळी सात चाळीस’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘मोरीत मुलगी अंघोळीला, दांडीवर कालचे कपडे अजून ओले, पाणी जायला दहा मिनिटे’ हे पुढे लिहिले की टॉवेल गादीवर का येतो ते दिसू लागते.

आठवड्याअखेर वही वाचली की साधारणपणे दोन गोष्टी लक्षात येतात. शंभर वाटणाऱ्या सवयी प्रत्यक्षात सहा-सात असतात. आणि त्यांपैकी बऱ्याचशा घर सोडण्यापूर्वीच्या एका तासात किंवा गाडीतून लोंबकळत घरी पोहोचल्यानंतरच्या एका तासात येतात, म्हणजे दोघांच्याही अंगात सहनशक्ती कमीत कमी असते तेव्हा.

सावधगिरी: ही वही म्हणजे आरोपपत्र नाही. भांडणात ती उघडून तारीखवार वाचून दाखवली, तर त्या क्षणापासून घरात दोन वह्या सुरू होतात.

३. शरीराशी संबंधित सवयी आधी डॉक्टरकडे न्या

काही सवयी स्वभावाच्या वाटतात, पण त्यांचे मूळ शरीरात असते. घोरणे हे त्याचे पहिले उदाहरण. झोपेत श्वासनलिकेच्या वरचा मार्ग वारंवार बंद होऊन श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. त्यात झोप पुरी होत नाही, रक्तदाब वाढू शकतो, दिवसा पेंग येते आणि चिडचिड वाढते. म्हणजे रात्रीचे घोरणे, लोकलमध्ये बसायला मिळताच लागणारी डुलकी आणि संध्याकाळचे खेकसणे या तीन निरनिराळ्या तक्रारी नसून एकाच आजाराची लक्षणे असण्याची शक्यता असते. जोडीदाराला आधी सांगून त्याच्या घोरण्याचे दोन-तीन मिनिटे ध्वनिमुद्रण करावे, श्वास मध्येच थांबतो का ते पाहावे, आणि ते रक्तदाबाच्या अहवालांसह कान-नाक-घसा तज्ज्ञाला ऐकवावे. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत या विषयाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि निम्मा दिवस त्यातच जाणार हे गृहीत धरावे. तज्ज्ञ झोपेची चाचणी सुचवतील. उपाय वजन कमी करणे व कुशीवर झोपणे येथपासून सीपॅप यंत्रापर्यंत, म्हणजे झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्रापर्यंत, असतात. ते ध्वनिमुद्रण नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर गंमत म्हणून टाकणाऱ्यांविषयी काय बोलावे, हे मला कळत नाही.

टीव्हीचा आवाज दर वर्षी थोडा थोडा वाढत असेल आणि हाक मारल्यावर दुसऱ्यांदा ओ मिळत असेल, तर तो दुर्लक्ष करण्याचा प्रकार असेलच असे नाही. एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तेथे ही चाचणी होते.

जेवताना होणारा मचमच आवाज ही थोडी वेगळी बाब आहे. काही व्यक्तींना ठरावीक आवाजांनी, विशेषतः चावण्याच्या किंवा भुरके मारण्याच्या आवाजाने, टोकाचा संताप येतो आणि त्याला मिसोफोनिया असे नाव आहे. हा त्रास ऐकणाऱ्याच्या बाजूचा असतो. कुटुंबातील बाकीच्यांना तो आवाज जाणवतही नसेल, तर जेवताना रेडिओ हळू आवाजात लावणे आणि समोरासमोर न बसता शेजारी बसणे यांनी पुष्कळ फरक पडतो.

तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट यांना सवय म्हटले जात असले तरी ते व्यसन आहे आणि टोमण्यांनी ते सुटत नाही. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्याला समुपदेशन मिळते, मात्र फोन त्याने स्वतः करायला हवा. दारूच्या बाबतीत पिणाऱ्याच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनचे गट आहेत. पिणारा तयार नसला तरी घरच्यांना तेथे जाता येते.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या सवयी काही महिन्यांत अचानक बदलल्या, म्हणजे हिशेबी माणूस उधळू लागला किंवा बोलका माणूस गप्प झाला, तर भांडण बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

४. घराची मांडणी बदला

येथे घाई करू नये, कारण सर्वाधिक गुण येथेच मिळतात.

बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात झोपणे, स्वयंपाक, अभ्यास आणि पाहुणे असे सारे चालते, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली नसेल तर पायही टाकता येत नाही. त्या चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या सदनिका मिळत आहेत, आणि अशा घरांत गेलेल्या ओळखीच्यांकडून मी एकच तक्रार ऐकते की, जागा वाढली तरी पसारा तेवढाच राहिला आहे, फक्त आता तो दोन खोल्यांत पसरतो. याचे कारण असे की वस्तू हातातून कोठे सुटते हे चौरस फुटांवर ठरत नाही. माणूस दारातून आत येऊन ज्या क्रमाने चालतो त्यावर ते ठरते. म्हणून मांडणी त्या चालण्याच्या मार्गावर करावी.

डब्याचे उदाहरण घेऊ. शनिवारी दुपारी कार्यालयातून परत आलेला डबा पिशवीतच राहतो आणि सोमवारी पहाटे पोळ्या लाटताना त्याची आठवण होते. झाकण उघडताच आंबूस वास येतो, भेंडीचे तार झाकणाच्या रबराखाली वाळून चिकटलेले असतात आणि पोळीच्या फडक्यावर हिरवट ठिपके असतात. पाच पस्तीसला, नळाला पाण्याची धार असेपर्यंतच, तो डबा दोनदा घासायचा असतो. या प्रसंगी जे बोलले जाते ते डब्याविषयी नसते हे खरे, पण उपाय मात्र डब्याचाच आहे. पिशवी कोठे पडते ते पाहावे. ती सोफ्यावर पडत असेल तर सोफ्याजवळ, चप्पल काढण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर, एक खुंटी ठोकावी आणि तिच्याखाली एक परात किंवा टोपली ठेवावी. पिशवी टांगायची आणि डबा टोपलीत टाकायचा, स्वयंपाकघरापर्यंत जाण्याची अट ठेवायची नाही. टोपली आत नेणे हे दुसऱ्याचे काम. आणखी एक डबा विकत घेऊन ठेवला की सोमवारची पहाटही सुटते. दोन डब्यांच्या खर्चात इतकी शांतता मुंबईत दुसरे काही देत नाही.

ओल्या टॉवेलचे उत्तर जून ते सप्टेंबर आणि इतर महिने यांसाठी वेगवेगळे आहे. पावसाळ्यात दांडीवर जागाच नसते आणि जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तेव्हा या चार महिन्यांसाठी पातळ पंचे वापरावेत आणि मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येकाची नावनिशी खुंटी असावी. पंखा, दिवा आणि फोन यांचे तंटे बहुधा एकाच कारणाने होतात: खाटेच्या एकाच बाजूला प्लग असतो. जास्तीची वायर आणि दुसऱ्या बाजूला लहान दिवा यांनी रात्रीचे वाद निम्म्यावर येतात. रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्यासाठी इअरफोनची जागा उशाशीच ठरवावी. ते कपाटात असतील तर वापरले जाणार नाहीत.

सावधगिरी: मांडणी एकट्याने बदलून दुसऱ्याला घडलेली गोष्ट म्हणून दाखवू नये. ज्याची पिशवी आहे त्यानेच खुंटीची उंची ठरवावी. ‘तुला लागेल तशी ठोक’ एवढे म्हटले तरी पुरते.

५. आपल्या बाजूचा हिशेब तपासा

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांतील दोघांनाही वेगवेगळे विचारले की घरातील अमुक एका कामात तुमचा वाटा किती. बहुतेक कामांच्या बाबतीत दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. दोघेही खोटे बोलत नव्हते. आपण केलेले काम आपल्याला आठवते आणि दुसऱ्याने केलेले आपण पाहिलेलेच नसते, एवढाच त्याचा अर्थ. सोसायटीची देखभाल-वर्गणी कोण भरते, गॅसचे सिलिंडर कोण लावते, मुलांच्या शाळेच्या समूहावरील संदेश कोण वाचते, असे प्रश्न एकमेकांना विचारले तर हा प्रयोग घरातच पाहायला मिळतो.

मात्र ‘दोघांनाही तसेच वाटते’ असे म्हणून हिशेब मिटवू नये, कारण प्रत्यक्षातील फरक मोठा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. पत्नी टॉवेलवरून ओरडते तेव्हा ती अनेकदा या दोनशे मिनिटांवरून ओरडत असते. पुरुष वाचकांना विनंती आहे की, ‘एवढ्याशा टॉवेलसाठी’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी ही वजाबाकी डोळ्यांसमोर आणावी.

६. बोलण्याची जागा आणि वेळ ठरवा

खोलीत सासूबाई असतात, मुले असतात आणि चाळीत असाल तर भिंतीपलीकडे शेजारीही असतात. तीन माणसांच्या कानावर पडणार हे ठाऊक असताना कोणीही आपली सवय मान्य करत नाही. इभ्रतीसाठी तो ती नाकारतोच. म्हणून बोलणे घराबाहेर करावे. शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स, मरीन ड्राइव्ह, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, मुलुंडकरांना ठाण्याची तलावपाळी, अशा ठिकाणी चालत चालत बोलावे. चालताना दोघांची नजर समोर असते, गप्प राहिले तरी अवघडल्यासारखे होत नाही, आणि आवाज चढला तर आजूबाजूच्या लोकांमुळे तो आपोआप खाली येतो.

वेळेबाबत माझे मत ठाम आहे. सकाळी घर सोडण्यापूर्वी आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर निदान अर्धा तास कोणतीही तक्रार काढू नये. उपाशीपोटी काढू नये. गणपतीला माणसे येणार असताना किंवा गावी जायच्या आदल्या रात्री बॅग भरतानाही काढू नये. रविवारी सकाळचा नाश्ता झाल्यानंतरची वेळ उत्तम. मेगाब्लॉक असला तर कोठे दूर जायचेही नसते.

आदल्या दिवशी कल्पना द्यावी, पण ‘उद्या मला तुझ्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे’ या शब्दांत नको, कारण मग समोरचा रात्रभर जागतो. ‘उद्या जरा पार्कात जाऊन येऊ, डब्याचे आणि टॉवेलचे काहीतरी ठरवून टाकू’ असे विषयासकट सांगावे.

७. मागणी एका वाक्यात मांडा

वैवाहिक नात्यांचे अमेरिकी अभ्यासक सिबिल कॅरेर आणि जॉन गॉटमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ नवविवाहित जोडप्यांच्या मतभेदांच्या संभाषणांची पहिली तीन मिनिटेच तपासली होती, आणि कोणती जोडपी पुढे विभक्त होतील याचा अंदाज त्यावरून येत होता. सुरुवात कशी होते याला इतके महत्त्व आहे. तेव्हा पहिले वाक्य घरूनच ठरवून न्यावे.

‘तू कधीच काही जागेवर ठेवत नाहीस’ या वाक्याला एकच उत्तर मिळते, आणि ते म्हणजे त्याने गेल्या मंगळवारी जागेवर ठेवलेली वस्तू. त्याऐवजी असे म्हणावे: ‘सोमवारी पहाटे आंबलेला डबा घासताना माझी फार चिडचिड होते. शनिवारी घरी आल्यावर डबा टोपलीत टाकशील का?’ या वाक्यात घडलेली गोष्ट आहे, बोलणाऱ्याला होणारा त्रास आहे आणि हो किंवा नाही म्हणता येईल अशी एकच मागणी आहे. पतीला ‘अहो’ म्हणण्याची रीत असलेल्या घरात हीच मागणी ‘अहो, शनिवारी आल्यावर डबा तेवढा टोपलीत टाकत जा’ अशी होईल. रीत कोणतीही असो, मागणी एकच राहावी.

टाळायची वाक्ये पाठ करून ठेवावीत. ‘तुझ्या आईनेच तुला असे वाढवले’ हे पहिले; त्यानंतर डबा बाजूला राहतो आणि दोन घराण्यांची उणीदुणी निघतात. ‘शेजारचा बघ’ हे दुसरे. तिसरा प्रकार शब्दांचाही नसतो: डोळे फिरवणे, कुत्सित हसणे, चारचौघांत नक्कल करणे. गॉटमन यांच्या मते तुच्छतेची ही वागणूक नात्याला सर्वांत घातक असते, आणि माझ्या आसपासच्या मोडलेल्या संसारांकडे पाहता मला ते पटते.

एका वेळी दोनच मागण्या. आणि त्याच फेरीत समोरच्यालाही विचारावे की माझी कोणती सवय बदललेली तुला हवी आहे. उत्तर ऐकताना लगेच खुलासा करू नये. हे फार जड जाते.

८. मुदत द्या, आणि विसर पडेल हे गृहीत धरा

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी कृती आपोआप होऊ लागण्यासाठी लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, ६६ होता, पण व्यक्तीव्यक्तींतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. आणि त्या सवयी लोकांनी स्वतःसाठी निवडलेल्या होत्या. आपण तर दुसऱ्यासाठी निवडत आहोत. गुढीपाडव्याला ठरले तर निदान गणपतीपर्यंत वाट पाहावी.

आठवण एकदाच करावी, तीही विनोदाने नव्हे, साध्या आवाजात. केलेले काम दिसल्यावर त्याची दखल घ्यावी, पण ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटते’ ही दखल नव्हे.

९. न बदलणाऱ्या सवयींसाठी व्यवस्था लावा

दीर्घकालीन नात्यातील ६९ टक्के वाद कायमस्वरूपी प्रश्नांचे असतात, म्हणजे ते सुटत नाहीत आणि सुखी जोडप्यांतही तसेच राहतात, असा गॉटमन यांचा निष्कर्ष आहे. तो वाचून निराश होण्याचे कारण नाही. उलट बराच वेळ वाचतो.

उशीर करणाऱ्या माणसाचेच पाहा. दर लग्नाला, दर डॉक्टरकडे, दर गाडीला तो उशीर करणार. त्याला खोटी वेळ सांगण्याची युक्ती दोनदा चालते, तिसऱ्यांदा तो ती वजा करून निघतो. त्यापेक्षा घरातून एकत्र निघणेच बंद करावे. ‘मी सहाला दादरला इंडिकेटरखाली असेन, साडेसहाला पुढे जाईन, तू थेट हॉलवर ये’ असे ठरवावे आणि खरोखरच साडेसहाला पुढे जावे. फुगून जाऊ नये. हॉलवर पोहोचल्यावर नातेवाइकांसमोर त्याचा पाणउतारा करू नये. कार्यक्रम दोघांचाही चांगला होतो.

पैशांबाबतही तसेच. एक चिकट आणि एक सढळ अशी जोडी असेल तर घरखर्च, हप्ते आणि बचत यांचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाजूला काढून दोघांनाही ठरावीक हातखर्च द्यावा, आणि त्या रकमेचे काय केले हे एकमेकांना विचारू नये. पुस्तकांवर, चपलांवर, शेअर बाजारावर, कशावरही जाऊ दे. गुपचूप घेतलेले कर्ज मात्र यात मोडत नाही. त्याची कागदपत्रे दोघांनी मिळून पाहायलाच हवीत.

आवराआवरीत घराचा एक कोपरा, एक खण किंवा माळ्याचा भाग ज्याचा त्याला मोकळा सोडावा. तेथे कितीही पसारा असला तरी दुसऱ्याने हात लावू नये.

१०. घरातील इतरांना मध्ये घेऊ नका

मुलांकरवी निरोप पाठवू नयेत. ‘बाबांना सांग, जेवण वाढलंय’ एवढ्या एका वाक्यातून सात वर्षांच्या मुलाला सगळे कळते. सासूबाईंकडे किंवा आईकडे तक्रार करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की, आपला राग उद्या जातो आणि त्यांच्या मनात तो पुढल्या दिवाळीपर्यंत राहतो. अबोला दोन दिवसांच्या वर जाऊ देऊ नये. राग अनावर झाला तर ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून खाली एक फेरी मारून यावे, आणि अर्ध्या तासाने खरेच बोलावे.

११. बाहेरची मदत कधी आणि कशी घ्यावी

तोच वाद त्याच शब्दांत महिनोन्महिने चालत असेल, एकाने बोलणेच सोडून दिले असेल, किंवा झोप व भूक उडाली असेल, तर समुपदेशकाकडे जावे. पहिले पाऊल म्हणून टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठीतून बोलता येते. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. खाजगी समुपदेशक निवडताना त्याचे शिक्षण, जोडप्यांसोबत कामाचा अनुभव, एका सत्राचे शुल्क आणि भाषा हे चारही प्रश्न फोनवरच विचारावेत. भांडताना ज्या भाषेत शब्द सुचतात त्या भाषेत बोलता यायला हवे. दोघांपैकी एकाचीच बाजू घेणारा किंवा पहिल्याच भेटीत ‘जुळवून घ्या’ म्हणणारा समुपदेशक बदलावा.

सोबत दुसऱ्या पायरीतील नोंदींचा अर्ध्या पानाचा सारांश, चालू औषधांची यादी आणि तपासण्यांचे अहवाल न्यावेत. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्याने जावे, आणि आपण जात आहोत हे त्याला सांगून जावे. भेटीची वेळ शक्यतो अशी घ्यावी की त्यानंतर लगेच कोणाकडे जेवायला किंवा बारशाला जायचे नसेल, आणि परतीच्या गर्दीच्या गाडीत त्या भेटीचा विषय काढू नये. घरी पोहोचून चहा झाल्यावर काढावा.